जास्त फोन कोण विकतो आणि पैसा कुणाकडं राहतो

प्रश्न जिंतूरच्या एका तरुणाचा आहे. त्याच्याजवळ 15 लाख आहेत, त्यातले निम्मे बँकेचे. तो विचारतो, "ॲपल जगात पाचात एखादाच फोन विकतो आणि धंद्यातला बहुतेक नफा घेऊन जातो असं वाचतो. मग बाकीच्या कंपन्या मार्केट शेअरसाठी एवढा जीव का टाकतात? आणि मी मोबाईलचं दुकान टाकलं तर सगळ्यात जास्त खपणारा ब्रँड धरू की जास्त मार्जिन देणारा?"

मी 2005 पासून परभणीत या धंद्यात आहे. आधी सात वर्षं काउंटर, मग आसपासच्या चार तालुक्यांना माल पुरवायचं काम, आणि आता दोन्ही. तेव्हा उत्तर पुस्तकातलं नाही, हिशेबाच्या वहीतलं आहे.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पहिला कंपनीचा आहे, दुसरा तुमचा. कंपनीचा नफा आणि दुकानदाराचा नफा या दोन वेगळ्या विहिरी आहेत. एकीला पाणी लागलं म्हणून शेजारच्या रानातही लागेल, असं धरून कुणी कर्ज काढत नाही. तुम्ही मात्र ॲपलच्या नफ्यावरून तुमच्या दुकानाचा अंदाज बांधताय, आणि बहुतेक नवे पोरं इथंच चुकतात. शिवाय तुमचं उत्तर दुकान कुठं आहे, जागा घरची की भाड्याची, व्याज किती, आणि शेजारी रिपेअरिंगवाला कोण आहे यावरही बरंच ठरतं. जिंतूरचं गणित लातूरला लागू होत नाही, लातूरचं संभाजीनगरला नाही.

आधी कंपनीचं बघू. काउंटरपॉइंट या संस्थेच्या 2022 च्या हिशेबात ॲपलचा वाटा नगांमध्ये सुमारे 18 टक्के, विक्रीच्या रकमेत 48 टक्के आणि ऑपरेटिंग प्रॉफिटमध्ये, म्हणजे धंदा चालवायचा खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यात, 85 टक्के होता. एकाच वर्षातले, एकाच कंपनीचे हे तीन आकडे. आपल्याकडं सोयाबीनचं खळं झालं की पारावर प्रत्येक जण विचारतो, एकरी उतारा किती आला? बियाणं, फवारणी, मळणी आणि मजुरी वजा जाता हातात काय उरलं, हे घरात बायकोशिवाय कुणी विचारत नाही. मार्केट शेअर म्हणजे उतारा. पेपरात तोच छापून येतो, कारण तो मोजायला सोपा.

ॲपलला एवढं उरतं कसं? फोनला दोन तऱ्हेचे खर्च असतात. एक नगामागं लागणारा: स्क्रीन, चिप, बॅटरी, जुळणी, वाहतूक. दुसरा एकही फोन विकला नाही तरी लागणारा: डिझाइन, सॉफ्टवेअर, साचे, जाहिरात, सर्व्हिस सेंटर. ॲपल थोडीच मॉडेलं काढते, त्यामुळं दुसरा खर्च प्रत्येक मॉडेलच्या कोट्यवधी नगांवर वाटला जातो. आणि किंमत ती स्वतः ठरवते, कारण तिचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणाच्या फोनवर मिळत नाही. अँड्रॉइडवाल्यांचं तसं नाही. सॉफ्टवेअर गूगलचं, चिप क्वालकॉमची नाहीतर मीडियाटेकची, कॅमेऱ्याचा सेन्सर बऱ्याचदा सोनीचा किंवा सॅमसंगचा. चार कंपन्यांच्या खोक्यांत जवळजवळ सारखाच माल असला की गिऱ्हाईक शेवटी 500 रुपयांवर येतं.

त्यात विकून झालेल्या फोनमधूनही ॲपलला पैसा येत राहतो. आयफोनच्या ब्राउझरमध्ये आपलं सर्च ठेवावं म्हणून गूगलनं 2022 या एका वर्षात ॲपलला सुमारे 20 अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. 2018 च्या नोव्हेंबरात तर ॲपलनं जाहीर केलं की किती आयफोन विकले हा आकडा यापुढं आम्ही देणारच नाही.

मग बाकीचे वेडे आहेत का? नाहीत. ज्याला ॲपलसारखी किंमत लावता येत नाही, त्याला तो बसल्या जागेचा खर्च वाटून टाकायला नग लागतातच. कोटीभर स्क्रीन घेणाऱ्याला जो भाव मिळतो तो दहा लाख घेणाऱ्याला मिळत नाही. शाओमी 2014 च्या जुलैत भारतात आली आणि तीन-साडेतीन वर्षांत सॅमसंगला मागं टाकून पहिली झाली. एप्रिल 2018 मध्ये तिच्या प्रमुखांनी जाहीरच केलं की फोन आणि इतर वस्तूंवर आम्ही 5 टक्क्यांपेक्षा जास्त निव्वळ नफा घेणार नाही. म्हणजे फोन जवळजवळ खर्चाला विकायचा, आणि पुढं त्याच फोनमधल्या जाहिराती, ॲप आणि इतर सेवांतून कमवायचं. या हिशेबात प्रत्येक विकलेला फोन म्हणजे आयुष्यभराचं गिऱ्हाईक, म्हणून शेअर महत्त्वाचा. सॅमसंगचं आणखी वेगळं. ती मेमरी आणि स्क्रीन स्वतः बनवते, ॲपललाही विकते. फोनमध्ये थोडं कमी सुटलं तरी कारखाना चालू राहण्यात तिचा फायदा असतो.

थोडक्यात, शेअर विकत घेता येतो किंवा कमावता येतो, आणि पेपरातल्या टक्केवारीत दोन्ही सारखेच दिसतात. किंमत पाडून, दुकानदाराला स्कीम देऊन, फ्लेक्स लावून जो वाटा मिळतो तो विकत घेतलेला. पैसा ओतणं थांबलं की तो दुसऱ्या कंपनीकडं जातो. त्या वाट्यातून पुढं काही उभं राहिलं, म्हणजे गिऱ्हाईक परत येणं, सेवेचं उत्पन्न, पुरवठादाराकडून सवलत, तरच तो कमावलेला. शाओमीचं नाव मी मुद्दाम घेतलं. तिनं वाटा विकत घेतला, पण पुढं काय उभं करायचं हे ठरवून घेतला.

ज्यांना ते उभं करता आलं नाही त्यांचं काय झालं तेही बघा. 2014 च्या शेवटच्या तिमाहीत, कॅनालिस या संस्थेच्या आकड्यांत, भारतात मायक्रोमॅक्स 22 टक्क्यांवर आणि सॅमसंग 20 टक्क्यांवर होती. आपल्या देशातली कंपनी सॅमसंगच्या पुढं, याचा आम्हा दुकानदारांना मनापासून आनंद झाला होता. पुढच्या दोन वर्षांत चिनी कंपन्या आल्या, 5 सप्टेंबर 2016 ला फक्त फोर-जीवर चालणारं जिओ सुरू झालं, गिऱ्हाईक फोर-जीशिवाय बोलेना, आणि तो वाटा बघता बघता विरघळला. एलजीचं पण तसंच. अमेरिकेत ती तिसऱ्या क्रमांकावर होती, तरी जवळजवळ सहा वर्षं तोट्यात चालून सुमारे साडेचार अब्ज डॉलर घालवल्यावर 5 एप्रिल 2021 ला तिनं फोनचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं.

नोकियाची गोष्ट मात्र वेगळी, आणि मला अजून चुटपुट लावणारी. तिचा वाटा शंभर टक्के कमावलेला होता. 2003 साली आलेला 1100 जगभर 25 कोटींच्या वर खपला. धूळ आत न जाणारा कीपॅड आणि वर टॉर्च. त्या काळात आपल्याकडं बारा-बारा तास भारनियमन असायचं. रात्री मोटार चालू करायला शेतात जाणारा माणूस बॅटरी घरी ठेवून 1100 घेऊन निघायचा. "मामा, तो लाईटवाला द्या," एवढंच म्हणायचे. 2007 च्या अखेरीस जगातल्या दर दहा फोनांत चार नोकियाचे होते, आणि त्याच वर्षी आयफोन आला होता. सहा वर्षांनी, सप्टेंबर 2013 मध्ये, नोकियानं फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला 5.44 अब्ज युरोला विकत असल्याचं सांगितलं. तेव्हा कमावलेला वाटासुद्धा त्या तऱ्हेच्या फोनची मागणी आहे तोवरच टिकतो.

आणखी एक गोष्ट दुकानदारानं पक्की ध्यानात ठेवावी. तिमाहीला जे टक्के छापून येतात ते बहुतेक शिपमेंटचे असतात, म्हणजे कंपनीतून दुकानाकडं निघालेल्या मालाचे. गिऱ्हाईकानं पैसे मोजून घरी नेलेल्या फोनचे नाही. मार्च अखेर जवळ आली की कंपनीचा एरिया मॅनेजर आमच्याकडं चहाला बसतो आणि उठत नाही. "साहेब, अजून 60 पीस उचला, टार्गेट राहिलंय." मी उचलले की त्याचा वाटा वाढतो. ते 60 पीस माझ्या गोदामात असतात आणि व्याज माझ्या खात्यावर.

आता तुमच्या दुकानाकडं येऊ. भारतात 2024 साली नगांच्या हिशेबात विवो पुढं होती आणि रकमेच्या हिशेबात ॲपल. नगांत ॲपल एकेरी टक्क्यांतच होती. यावरून तुम्हाला वाटेल की आयफोन ठेवला की सुटलो. हिशेब मांडून बघा. आकडे समजण्यापुरते घेतोय, पण माझ्या वहीच्या जवळचेच आहेत.

समजा 12,000 चा एक चालू फोन तुम्हाला स्कीम धरून 11,400 ला पडतो. एका नगावर 600. लाखात आठ नग येतात, ते दहा दिवसांत जातात. एका फेऱ्यात 4,800, महिन्याला तीन फेरे म्हणजे 14,400. दुसरीकडं 60,000 चा आयफोन 58,200 ला पडतो. एका नगावर 1,800, ऐकायला तिप्पट. पण जिंतूरमध्ये तो दीड महिना कपाटात राहिला, तर लाखावर महिन्याला सुमारे 2,000 सुटले. बँकेचं व्याज आणि जागेचं भाडं काढलं तर काय राहिलं? ॲपलचा मोठा नफा ॲपलकडंच राहतो, दुकानदाराला ती पातळ मार्जिन देते, आणि तिला ते परवडतं कारण गिऱ्हाईक ठरवूनच आलेलं असतं. संभाजीनगरला हाच फोन आठवड्यात जातो, तिथं गणित उलटतं. लातूरला क्लासेसच्या पोरांमुळं जून-जुलैत जुनी मॉडेलं हप्त्यावर बरी निघतात. म्हणून म्हटलं, गावावर आहे.

तेव्हा मार्जिनची टक्केवारी विचारू नका. लाख रुपये महिन्यात किती वेळा फिरतात ते विचारा. आणि इथं मात्र मार्केट शेअर दुकानदाराच्या कामाचा आहे. खपणारा ब्रँड गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं, तुमचा अर्धा तास वाचतो. त्याचं कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास कुठल्याही घाऊक दुकानात मिळतं. त्याचा फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खी स्क्रीन, रिपेअरिंगवाल्याकडं तयार असतो, सर्व्हिस सेंटर परभणीत असतं. कमी खपणाऱ्या फोनचं कव्हर मिळालं नाही म्हणून गिऱ्हाईक फोन परत ठेवून गेल्याचं मी कितीदा तरी पाहिलंय. फोन चांगला होता हो, पण उघडा फोन खिशात घालायला कुणी तयार होत नाही.

धोका आहे तो स्लॅबचा, म्हणजे ठरावीक नग उचलले तरच जादा टक्का देणाऱ्या स्कीमचा. माझ्यावरून सांगतो. 2016 च्या दिवाळीच्या तोंडावर एका छोट्या कंपनीची स्कीम आली: अमुक इतके पीस उचला, सगळ्यांवर एक टक्का जादा. वर उल्लेख केलेल्यांपैकी ती नव्हती. बहुतेक माल थ्री-जीचा होता. जिओचं सिम घ्यायला लोक रांगा लावत होते हे मला समोर दिसत होतं, तरी सोयाबीनचा पैसा आला की सगळं निघेल असं मी धरलं. दिवाळी झाली, 8 नोव्हेंबरला नोटबंदी झाली, बाजारात नोटच राहिली नाही. डिसेंबरात कंपनीनं त्या मॉडेलची किंमत हजारानं उतरवली. माझ्याकडं 140 पीस पडून होते. फरकाची क्रेडिट नोट देतो, म्हणजे तेवढी रक्कम माझ्या खात्यावर जमा धरतो म्हणाले, ती आजपर्यंत आली नाही, कारण लेखी काहीच नव्हतं. एक टक्क्यासाठी मी वर्षभराची कमाई घालवली. शेवटचे पीस ऊसतोडीहून परतलेल्या लोकांना पडेल भावात दिले.

ते गणित नवीन माणसाला करून दाखवतो. 12,000 च्या फोनवर एक टक्का म्हणजे 120. शंभर पीसवर 12,000 जादा. पण त्यातले 40 पीस अडकले आणि किंमत हजारानं उतरली, तर 40,000 गेले. हे समोर मांडल्यावर कुणीही स्लॅबला नाही म्हणेल. अडचण ही आहे की एरिया मॅनेजर समोर बसलेला असताना फक्त पहिला आकडा दिसतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानाचा खरा पैसा फोनमध्ये नसतो. कव्हर, ग्लास, चार्जर, इअरफोन, दुरुस्ती, फायनान्सचं कमिशन, जुन्या फोनची देवाणघेवाण, यातून घर चालतं. 50-60 रुपयांत पडलेली ग्लास बसवून 150 ला जाते. फोन हे गिऱ्हाईक आत आणायचं साधन. एका अर्थी तुमचं दुकान शाओमीच्याच वाटेनं चालायला हवं: फोनवर थोडं, पुढच्या गोष्टींवर बरं. म्हणून माझं मत, पहिल्या वर्षी दुरुस्तीचा हात असलेला एक विश्वासू मुलगा पगारावर किंवा भागीत घ्या, मग ब्रँडचा विचार करा. फोल्डर बदलायला आलेला माणूस सहा महिन्यांनी नवा फोन तुमच्याकडंच घेतो.

हंगामाचंही बघा. आपल्याकडं वर्षभर सारखी विक्री नसते. दसरा-दिवाळीला सोयाबीन विकून पैसा येतो, त्याच सुमारास ऊसतोडीला निघणारे लोक उचल घेऊन फोन घेतात. जूनमध्ये शाळा-कॉलेजची पोरं येतात. मधले महिने ओढाताणीचे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी 12,000 चं गिऱ्हाईक 8,000 वर येतं किंवा जुना फोन दुरुस्त करून घेतं. तेव्हा ऑगस्टमध्ये दिवाळीचा माल भरू नका, पाऊस आणि मोंढ्यातला भाव बघून सप्टेंबरच्या शेवटी ठरवा.

तुमच्या 15 लाखांचं मी काय करीन? जागा घरची असेल तर फोनच्या मालात 7 लाखांच्या वर जाणार नाही. तेही दोन जास्त खपणाऱ्या ब्रँडचे प्रत्येकी पाच-सहा चालू मॉडेल, आणि तिसरा एक ब्रँड ज्यात मार्जिन थोडं जास्त आहे, तो मोजकाच. तिसरा का? गिऱ्हाईकाला शेजारच्या दुकानात आणि ऑनलाइनवर तोच फोन तोच भाव दिसतो तेव्हा तुमच्या हातात काहीच राहत नाही. एखादा असा फोन हवा ज्याचा भाव चटकन ताडता येत नाही. आयफोन मालात ठेवू नका, ॲडव्हान्स घेऊन परभणीहून मागवून द्या. दीड-दोन लाख ॲक्सेसरी आणि दुरुस्तीच्या सामानात. फर्निचरला लाखाच्या वर नको, बोर्ड आणि काउंटर कंपन्या लावून देतात, फक्त त्या बदल्यात किती पीस ठेवायची अट आहे ते वाचा. उरलेलं राखून ठेवा. निम्मे पैसे बँकेचे आहेत, ते पहिल्या दिवशीच उचलायची घाई नको, कॅश क्रेडिट (वापराल तेवढ्यावरच व्याज लागणारं कर्जखातं) मिळत असेल तर लागेल तेवढंच वापरा.

उधारी हा विषय वेगळा लिहीन. सध्या एवढंच, की नातेवाईक आणि मित्र यांना फोन हप्त्यावर द्यायचा तर फायनान्स कंपनीमार्फत द्या, वहीवर नको.

आणि कुठल्याही डिस्ट्रिब्युटरशी बोलताना मार्जिनच्या आधी हे विचारा आणि व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या: किंमत उतरली तर किती दिवसांच्या आतल्या मालावर फरक मिळणार, तो किती दिवसांत मिळणार, न खपलेलं मॉडेल बदलून देणार का, आणि झिरो टक्के फायनान्सच्या स्कीममध्ये दुकानदाराच्या वाट्याला कपात किती. यातल्या पहिल्या दोनाचं उत्तर जो टाळतो त्याचा माल रोखीनं, चार-चार पीसच घ्या. जिंतूरमध्ये सध्या कोण माल पुरवतं आणि त्यांचे पेमेंटचे दिवस किती आहेत हे कळवलंत, तर पुढचं उत्तर नेमकं देता येईल.